बाबांच्या पद्मिनीचा करंट शोधताना

बाबांची प्रीमियर पद्मिनी सप्टेंबर १९८९ ची. पहिली पंधरा वर्षं झाली की मग दर पाच वर्षांनी नोंदणी रिन्यू करावी लागते, म्हणजे २००४, २००९, २०१४, २०१९ आणि आता १८ सप्टेंबर २०२४. आधीच्या चारही वेळा बाबा स्वतः गाडी चालवत आरटीओला घेऊन गेले. या वेळी त्यांचं वय ७८, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि गाडी २०२२ च्या दिवाळीपासून पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी. भंगारात द्यायची का असं घरात कोणीतरी म्हटलं आणि बाबा काही न बोलता उठून गॅलरीत गेले. तेव्हाच मी ठरवलं की हे काम मी करणार.

मी मेकॅनिक नाही, इंजिनिअरही नाही, ऑफिसात अकाउंट्स बघते. परवा नवीन आरसी हातात आली म्हणून हे लिहितेय, कारण जुलैमध्ये मी शोधत होते तेव्हा मराठीत एका जागी सलग काही सापडलं नव्हतं. ज्यांच्याकडे पॉइंटवाली (म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन धातूचे ठिपके असलेली) जुनी गाडी आहे, मग ती पद्मिनी असो, अँबॅसेडर असो नाहीतर जुनी जीप, त्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी तारखांचं गणित. रिन्यूअलचा फॉर्म २५, आणि तो मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासूनच भरता येतो, त्याआधी नाही. म्हणजे माझी खिडकी उघडली २० जुलैला. मुदत उलटून गेली तर कारला दर महिन्याला ५०० रुपये लेट फी. आणि अर्ज करायचा तर पीयूसी चालू पाहिजे, पीयूसी काढायची तर गाडी चालू पाहिजे, आणि गाडी तर घर्रर्र करून गप्प. सगळं घोडं तिथेच अडलेलं.

२० जुलैला शनिवारी नवी बॅटरी टाकली (४३०० रुपये), टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर साफ करून घेतला. रविवारी सेल्फ मारला तर इंजिन छान फिरतंय पण एक फटका सुद्धा नाही. प्लग काढून बघितले तर पेट्रोलने ओले. पेट्रोल पोचतंय आणि जळत नाहीये म्हणजे ठिणगी नाही, एवढं माझ्याही लक्षात आलं.

मंगळवारी एक मेकॅनिक घरी बोलावला. त्याने बघितल्या बघितल्या "कॉइल गेली मॅडम" म्हणून कॉइल बदलली, चारही प्लग बदलले, २९०० रुपये झाले, गाडी तशीच. मग म्हणाला डेल्को आख्खा बदलावा लागेल, पाच-सहा हजार धरून चाला. (डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे करंट चारही प्लगना वाटून देणाऱ्या भागाला, गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात, दुकानात तेच नाव सांगा म्हणजे घोळ होत नाही.) मुलगा प्रामाणिक होता, पण पॉइंटवाली गाडी त्याच्या हाताखालून कधी गेलीच नव्हती. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "अगं, मोजल्याशिवाय बदलायचं नसतं. बॅटरीपासून सुरू कर आणि एकेक पायरी पुढे जा."

२५ जुलैला गुरुवारी पुण्यात तो प्रचंड पाऊस झाला, सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, ऑफिस घरूनच होतं. त्या दिवशी मी वाचत बसले आणि बाबांनी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून दिली. सोप्या भाषेत सांगते. बॅटरीचे १२ व्होल्ट चावीच्या स्विचमधून कॉइलला जातात, कॉइलमधून डेल्कोतल्या पॉइंटला, आणि पॉइंट मिटलेले असले की अर्थ होऊन (म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलं जाऊन) सर्किट पूर्ण. इंजिन फिरताना डेल्कोतला कॅम (उंचवटे असलेला फिरता दांडा) पॉइंट उघडतो, त्या क्षणी कॉइलमधला करंट तुटतो आणि तिच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. ते मधल्या जाड वायरने डेल्कोच्या कॅपमध्ये, तिथून आत फिरणाऱ्या रोटरवर, आणि रोटर ज्या बाजूला तोंड करून असेल त्या प्लगला. कंडेन्सर पॉइंटला जोडलेला असतो, तो पॉइंट उघडताना तिथेच होणारी ठिणगी दाबतो म्हणजे करंट झटक्यात तुटतो. कंडेन्सर नीट नसेल तर ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवरच पडत राहते. हे शेवटचं वाक्य माझ्या पुढच्या तीन आठवड्यांचं सार होतं, पण तेव्हा कळलं नव्हतं.

शनिवारी २७ ला मल्टिमीटर (९०० रुपये) आणि फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या (१५० रुपये), घेऊन आले. कॅपच्या वायरी काढायच्या आधी प्रत्येकीला कागदी टेप लावून १-३-४-२ नंबर टाकले आणि फोटो काढला. हे अजिबात टाळू नका, फायरिंग ऑर्डर, म्हणजे प्लगना ठिणगी मिळायचा क्रम, चुकली तर नसलेली गडबड शोधत बसाल.

बॅटरीवर १२.६ व्होल्ट, ठीक. मग कॉइल. माझ्या कॉइलवर दोन स्क्रूंजवळ एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं आहेत, एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडची, सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकरकडची, म्हणजेच पॉइंटकडची. चावी चालू करून सीबीवर मीटर लावला आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. पॉइंट उघडझाप करत असतील तर तिथला आकडा नाचायला पाहिजे. आकडा सतत शून्य राहिला तर पॉइंट उघडत नाहीयेत किंवा कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे. आकडा सतत १२ राहिला तर पॉइंट मिटून सुद्धा करंट जात नाहीये. माझा सतत १२.

कॅपच्या दोन क्लिपा काढल्या, रोटर वर ओढून काढला आणि टॉर्च लावून पॉइंट बघितले. दोन इवलेसे गोल ठिपके, चकचकीत असायला पाहिजेत ते पावसाळी ढगासारखे करडे झालेले, एकावर बारीक उंचवटा आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा. पावणेदोन वर्षं उभ्या गाडीत हे होणारच. मेकॅनिकने कॉइल बदलली तेव्हा कॅप उघडलीच नव्हती.

पॉलिश पेपर वापरू नका असं बाबांनी बजावलं, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. बारीक कानसपट्टी दोन-तीनदा हलकेच फिरवली, मग पेट्रोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढली, ती काळी निघाली, दुसरी घेतली, तिसरी स्वच्छ निघेपर्यंत. मग गॅप, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडल्यावर मधे राहणारी फट. त्यासाठी कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटच्या टाचेखाली आणावा लागतो, म्हणून गाडी चौथ्या गिअरला टाकून भाचा आणि वॉचमनदादा इंच इंच ढकलत होते आणि मी "बस्स" म्हणून ओरडत होते. ०.४५ मिमीची पट्टी किंचित घासत जाईल इतका गॅप ठेवला, स्क्रू आवळला, परत मोजला कारण आवळताना तो हलतो आणि माझा हललाच होता.

आता ठिणगीची परीक्षा. कॉइलची मधली वायर कॅपमधून काढून इंजिनच्या धातूपासून ५-६ मिमी लांब धरायची, पण हाताने नाही, कोरड्या लाकडी चिमट्याने, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, प्लगची भोकं उघडी नकोत. सेल्फ मारला आणि टक टक टक आवाज करत निळी ठिणगी उडाली. वायरी जोडल्या, चौथ्या सेल्फला इंजिन धरलं. पार्किंगभर धूर झाला. बाबा खाली आले, बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

मेकॅनिकने काढून ठेवलेली जुनी कॉइल मी त्याच दिवशी मोजली. बाहेरच्या दोन स्क्रूंमध्ये ३.२ ओहम, मीटरच्या वायरींचे ०.२ वजा करा म्हणजे ३. मधल्या भोकापासून ८ हजारांच्या आसपास. एकदम तंदुरुस्त. ती जपून ठेवली आहे.

काम संपलं असं वाटलं होतं. ४ ऑगस्टला रविवारी सहकारनगरहून कात्रजकडे निघाले आणि वीसेक मिनिटांनी बालाजीनगरपाशी गाडी दोन-तीन आचके देऊन बंद. मागे पीएमटीचा हॉर्न, वर पाऊस, घाम फुटला अगदी. दोन मुलांनी कडेला ढकलून दिली. अर्धा तास थांबले, सेल्फ मारला, लगेच चालू! घरी येईपर्यंत परत बंद. बाबांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, "गरम झाल्यावर जाते, गार झाल्यावर येते?" हो म्हटल्यावर म्हणाले, "कंडेन्सर बघ. नाहीतर कॉइल." घरी त्यांची जुनी वही निघाली, त्यात १९९७ च्या मे महिन्यात, दिवे घाटात असंच झाल्याची नोंद होती, शेजारी कंडेन्सरची किंमत लिहिलेली.

इथे एक गोष्ट शिकले जी सगळ्यांना सांगावीशी वाटते. गाडी गार झाल्यावर तपासून काही उपयोग नाही, बिघाड हजर असतानाच तपासायचं. तेव्हापासून गाडीत लाकडी चिमटा, टॉर्च आणि मीटर ठेवला. पुढच्या वेळी बंद पडल्या पडल्या बॉनेट उघडलं तर वायरच्या टोकाला ठिणगी होती, पण बारीक, पिवळट, आवाज नाही. कॅप काढून, चावी चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उचकले तर तिथे मात्र चांगली पांढरी ठिणगी पडत होती. म्हणजे बाबांचं बरोबर होतं. (चावी चालू ठेवून फार वेळ बसू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते.)

६ ऑगस्टला ऑफिस सुटल्यावर नाना पेठेत गेले, एका दुकानातून कंडेन्सर १२० रुपये आणि पॉइंट सेट २६० रुपये. नव्या पॉइंटवर गंजू नये म्हणून चिकट थर असतो तो पेट्रोलने पुसून मगच बसवा. सगळं बसवलं, ११ ऑगस्टला निघाले, आणि पंधराव्या मिनिटाला गाडी बंद. आधीपेक्षा लवकर.

तो रविवार वाईट गेला. नवीन कंडेन्सर टाकलाय म्हणजे कंडेन्सर नाही, असं मी धरून चालले आणि चार दिवस भलतीकडे शोधत राहिले. दुसरी कॉइल लावून बघितली, फरक नाही. त्या शोधात एक खरी गोष्ट मात्र सापडली. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीवर १२.४ आणि कॉइलच्या एसडब्ल्यूवर फक्त १०.९ व्होल्ट. दीड व्होल्ट वाटेतच गायब. चावीच्या स्विचमागचे पितळी लग (वायरींची टोकं) हिरवे पडलेले होते, ते काढून घासून घट्ट बसवले तर ११.९ यायला लागले. ठिणगी गार असताना जास्त जोरकस झाली, पण गरम झाल्यावरचं दुखणं तसंच.

१५ ऑगस्टला सुट्टी. झेंडावंदन करून आल्यावर बाबा म्हणाले, तो नवीन कंडेन्सर काढून वर आण. माझ्या मीटरवर कपॅसिटी मोजायची सोय आहे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र घातलं, कंडेन्सरला क्रोकोडाइल क्लिप लावल्या. गार असताना ०.२४ मायक्रोफॅरॅड. अशा कंडेन्सरला साधारण ०.२ च्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे चांगला. मग बाबांनी माझा हेअर ड्रायर घेतला आणि वीतभर अंतरावरून त्याच्यावर गरम हवा धरली. मिनिटभर ०.२४ च. मग ०.२१, परत ०.२४, आणि एकदम ०.०३. ड्रायर बंद केला, पाच मिनिटांनी आकडा आपोआप वर आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. कवचाच्या आतला जोड गरम झाला की सुटत होता. नवाकोरा, पाकिटातून काढलेला. जुना कंडेन्सर पण तसाच तपासला, तोही गरम झाल्यावर पडत होता पण जरा उशिरा, म्हणूनच नवा टाकल्यावर गाडी आधीपेक्षा लवकर बंद पडत होती.

मीटरवर सगळंच कळतं असं नाही बरं का, काही कंडेन्सर मीटरच्या छोट्या व्होल्टेजला ठीक दाखवतात आणि गाडीत लीक होतात. पण गरम करून मोजणं फुकट आहे, करून बघावं.

शनिवारी १७ ला बाबांना बरोबर घेऊन परत नाना पेठेत गेले, या वेळी दुकानात नाही तर गल्लीच्या टोकाला एका जुन्या मिस्त्रींकडे, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी मुंबईत टॅक्सीची कामं केलेली. म्हणाले, "ताई, ऑक्टोबरमध्ये पद्मिनी टॅक्सी बंद झाली ना मुंबईत, तेव्हापासून चांगला माल येणंच कमी झालं. नवीन म्हणून काय मिळेल भरवसा नाही." खरंच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. चाचांनी डब्यातून गाडीतून काढलेला एक जुना कंडेन्सर दिला, त्याच्या कवचाचा रंग उडालेला, मी तिथेच मीटर काढला तर हसले आणि सायलेन्सरला टेकवून स्वतः गरम करून दिला. ०.२२, हलला नाही. पैसे घेत नव्हते, मी ५० रुपये ठेवले.

१८ ऑगस्टला रविवारी कात्रजचा घाट चढून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आले, दीड तास, मध्ये तीनदा मुद्दाम बंद करून गरम इंजिनवर सेल्फ मारला. प्रत्येक वेळी चालू.

त्याच रात्री अर्ज भरायला बसले तर बाबांचा आरसीवरचा मोबाइल नंबर केव्हाच बंद झालेला. ओटीपी येणार कुठे? आधी परिवहनच्या साइटवर मोबाइल नंबर अपडेट करावा लागला, त्याला इंजिन आणि चॅसी नंबर अचूक लागतो, जुन्या आरसी बुकातला पुसट झालेला तर गाडीवरूनच वाचून घ्या. तो अपडेट व्हायची वाट बघेपर्यंत २२ तारखेला सकाळी मुसळधार पावसात गाडी चालू केली तर एक सिलिंडर मिसिंग, म्हणजे त्यात पेट्रोल पेटतच नव्हतं. चालू होती, पण थरथरत, जणू थंडी वाजतेय.

दिवसा काही दिसेना. रात्री नऊ वाजता पार्किंगचे दिवे घालवून बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवलं. काळोखात डेल्कोच्या कॅपवरून, तिसऱ्या वायरच्या बुंध्यापासून खाली क्लिपेपर्यंत एक निळी रेघ सरपटत होती, मुंगीच्या ओळीसारखी, थांबत, परत येत. कॅप काढून नखाने घासली तर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेषा, केसाएवढी चीर होती तिथे. ओलाव्यात करंट त्याच वाटेने अर्थला जात होता. पुसून, वाळवून तात्पुरतं चालतं पण परत होतंच. २४ ला चाचांकडूनच कॅप आणि रोटर घेतले, ६५० रुपये. रोटरची पण एक परीक्षा त्यांनी दाखवली. रोटर जागेवर ठेवून कॉइलची मधली वायर त्याच्या पितळी टोकाजवळ धरायची आणि पॉइंट उचकायचे. ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर रोटर आतून फुटलाय, करंट खालच्या दांड्याला जातोय.

त्याच दुपारी पीयूसी, १२५ रुपये, पहिल्या फटक्यात पास. मग अर्ज: रिन्यूअल फी ५००० रुपये (एप्रिल २०२२ पासून २०२४ मध्ये कारला एवढी होती, मागच्या वेळच्या पावतीवरून अंदाज बांधू नका), पर्यावरण कर पाच वर्षांचा ३०००, स्मार्टकार्ड आणि पोस्टाचे थोडे वेगळे. इन्शुरन्स चालू आहे ना ते आधी बघून ठेवा. तपासणीची तारीख मिळाली ३० ऑगस्ट.

त्या दिवशी साडेनऊला पोचलो, नंबर आला पाऊण वाजता. रांगेत गाडी पुढे पुढे घ्यावी लागते, म्हणजे चालू-बंद, चालू-बंद, आणि दर वेळी चावी फिरवताना माझ्या पोटात गोळा. इन्स्पेक्टर साहेबांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले, चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवून छाप घेतला, मग म्हणाले, "चालू करा." चॅसी नंबर आधीच घासून साफ करून ठेवा, आमच्या पुढच्या गाडीला त्यासाठीच परत पाठवलं. माझी चालू झाली. त्यांनी ब्रेक बघायला थोडी पुढे न्यायला लावली आणि सही केली.

एकूण खर्च, बॅटरी धरून, गाडीवर साधारण ९४०० रुपये झाला, त्यात १२० चा तो कंडेन्सर, आणि पहिल्या दिवशीचे २९०० ज्यातले प्लग तेवढे कामाला आले. सरकारी फी वेगळी.

आरसी ११ सप्टेंबरला स्पीड पोस्टाने आली, मुदत सप्टेंबर २०२९. बाबांनी वहीत ओळ लिहिली, तारीख, किलोमीटर, आणि "कंडेन्सर ०.२२ (गरम)". चाचांकडून आणखी एक तसाच मोजून आणलाय, तो, जुनी कॉइल, फीलर गेज, कानसपट्टी आणि लाकडी चिमटा असं सगळं एका बिस्किटाच्या डब्यात डॅशच्या कप्प्यात ठेवलंय. चौथा प्लग अजून जरा काळा निघतो, ते कार्बोरेटरचं वाटतंय, दिवाळीच्या सुट्टीत बघणार आहे.